कोकणातल्या छोट्या धंद्यांचे कर, कर्ज आणि वाढ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात एकाच घरात बाग असते, मागच्या पडवीत काजू फोडतात, वरच्या दोन खोल्या पर्यटकांना देतात आणि धाकटा भाऊ होडीत भागीदार असतो. पैसे मात्र सगळे एकाच बचत खात्यात जमा होतात. कायद्याच्या नजरेत हे चार वेगळे व्यवहार आहेत आणि प्रत्येकाचे नियम वेगळे. पुढचे बहुतेक प्रश्न या एकाच गुंत्यातून येतात. म्हणून पालघरपासून बांद्यापर्यंत कुणीही विचारलं तरी माझं पहिलं सांगणं तेच असतं: आधी धंद्याचं खातं वेगळं उघडा, मग बाकीचं बोलू.

आंब्याचं उत्पन्न करमुक्त आहे ना? मग रिटर्न कशाला भरायचं?

स्वतःच्या बागेतला आंबा, काजू बी, नारळ, सुपारी विकून मिळालेलं उत्पन्न शेतीचं आहे. त्यावर आयकर नाही. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा नवा आयकर कायदा लागू आहे. त्यातही ही सवलत कायम आहे.

पण ते उत्पन्न शेतीचं आहे हे दाखवायची जबाबदारी तुमची. सातबारा, वाशीच्या दलालाने दिलेल्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या), खत-फवारणीची बिलं, राखणदाराच्या आणि काढणीच्या मजुरीची नोंद हे सगळं वर्षानुसार फाइलला लावून ठेवा. खात्यात मे महिन्यात आठ लाख आले आणि हातात एकही पट्टी नाही, तर उद्या विचारणा झाल्यावर काय दाखवणार? शिवाय पुढे कर्ज हवं असेल तर बँक रिटर्नच मागते. ज्याने वर्षानुवर्षं शेतीचं उत्पन्न रिटर्नमध्ये दाखवलं आहे, त्याचं काम तिथे सोपं होतं.

माझी स्वतःची बाग नाही. मी दरवर्षी बागा कराराने घेतो. माझं उत्पन्न शेतीचं का?

तुम्ही नेमकं काय करता यावर ते ठरतं. बाग खंडाने घेऊन खत घालणं, कल्टार (मोहोरासाठीचं औषध) देणं, फवारणी, साफसफाई अशी मशागत तुम्हीच करत असाल, तर उत्पन्न शेतीचं म्हणता येतं. मात्र झाडावर तयार झालेला आंबा अंदाजाने विकत घेऊन फक्त उतरवून विकत असाल, तर तो व्यापार आहे आणि नफ्यावर कर लागतो. दोन्ही प्रकारांना बोलताना आपण 'बाग घेतली' असंच म्हणतो, त्यामुळे इथे हमखास घोळ होतो. करार कागदावर करा आणि मशागत कोण करणार, खर्च कुणाचा, हे त्यात स्पष्ट लिहा.

स्वतःच्याच आंब्याचा पल्प काढून विकला तर?

मग उत्पन्नाचे दोन भाग होतात. कच्च्या मालाचा त्या दिवसाचा बाजारभाव हा शेतीचा भाग आणि त्यावरचा प्रक्रियेचा नफा हा धंद्याचा.

समजा, पल्प दहा लाखांना विकला. त्यासाठी वापरलेला आंबा तसाच विकला असता तर सहा लाख आले असते. गॅस, डबे, मजुरी, वाहतूक धरून प्रक्रियेचा खर्च अडीच लाख. मग धंद्याचा नफा दीड लाख, आणि कर लागतो तो या दीड लाखावर. सहा लाख बागेकडे जातात, मशागतीचा खर्चही बागेच्याच हिशेबात. हे दाखवायचं तर कॅनिंगला (कारखान्याच्या खरेदीला) त्या आठवड्यात किलोला काय दर होता याचा कागद हवा. शेजारच्या बागायतदाराची त्याच दिवसाची पावतीसुद्धा उपयोगी पडते.

काजूचंही असंच. बी वाळवून विकणं हे शेतीचंच काम. ती भाजून, फोडून, सोलून गर विकणं हा उद्योग.

बारा लाखांपर्यंत कर नाही म्हणतात. माझा धंद्याचा नफा दहा लाख आहे, मग मी सुटलो ना?

बागेचं उत्पन्न नसेल तर सुटलात. असेल तर थांबा, कारण कोकणातल्या माणसाला हा नियम हमखास लागू पडतो आणि फारसं कुणी तो सांगत नाही.

शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, पण धंद्याच्या उत्पन्नाला कुठला दर लावायचा हे ठरवताना ते मोजलं जातं. शेतीचं निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांवर आणि बाकीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर हा हिशेब करावा लागतो. नव्या करप्रणालीत, २०२५-२६ च्या दरांनी, ही मर्यादा ४ लाख आहे.

धंद्याचे १० लाख आणि बागेचे निव्वळ ८ लाख धरू. १८ लाखांवर कर होतो १,६०,००० रुपये. बागेचे ८ लाख अधिक करमुक्त ४ लाख, म्हणजे १२ लाखांवर होतो ६०,०००. यातला फरक १,००,००० हा तुमचा कर. बारा लाखांच्या आतल्यांना मिळणारी सूट जास्तीत जास्त ६०,००० रुपयांची आहे. ती वजा जाऊन ४०,००० उरतात आणि ४ टक्के उपकर धरून ४१,६०० भरावे लागतात.

बागेचं उत्पन्न रिटर्नमध्ये न दाखवता 'बारा लाखांच्या आत' म्हणून शून्य कर दाखवणारे बरेच आहेत. बँक खातं पॅनला जोडलेलं असताना हा धोका पत्करू नका.

महाराष्ट्रात मासेमारीला शेतीचा दर्जा मिळाला. मग मच्छीमारांचा आयकर माफ झाला का?

नाही. राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये तो निर्णय घेतला. कर्ज, वीजदर, विमा यांसारख्या बाबतींत शेतकऱ्यांसारख्या सवलती मिळाव्यात, हा त्याचा हेतू. आयकर केंद्राचा आहे आणि त्याची शेतीची व्याख्या जमिनीला बांधलेली आहे. समुद्रातल्या मासळीचं उत्पन्न धंद्याचंच धरलं जातं. कोळंबी प्रकल्पाचंही तसंच.

होडीमालकांनी डिझेल, बर्फ, जाळी, इंजिनदुरुस्ती आणि तांडेल-खलाशांना दिलेला भाग यांची फेरीनिहाय नोंद ठेवावी. हर्णैच्या किंवा मिरकरवाड्याच्या लिलावात विक्री होते, रोख मिळते आणि भाग वाटून झाल्यावर उरलेलीच रक्कम बँकेत जाते. त्यामुळे खात्यावरून धंदा अर्धाच दिसतो आणि कर्जाची मर्यादाही अर्धीच मंजूर होते. विक्री पूर्ण दाखवा, खर्च पूर्ण दाखवा. सोसायटीमार्फत मिळणारा डिझेलचा परतावा डिझेलच्या खर्चातून वजा करा.

जीएसटी नोंदणी कधी लागते?

फक्त मालाची विक्री असेल तर वर्षाला ४० लाखांच्या वर, सेवा असेल तर २० लाखांच्या वर. माल आणि सेवा दोन्ही असतील तर २० लाखच धरा. ताजा आंबा, ताजी मासळी, ओला नारळ यांवर जीएसटी नाही. केवळ असाच माल विकणाऱ्याला कितीही उलाढाल झाली तरी नोंदणीची सक्ती नाही.

पण करमुक्त आणि करपात्र माल एकत्र विकलात तर मर्यादेसाठी दोन्ही मोजले जातात. ३५ लाखांचा ताजा आंबा घेऊन-विकून वर सात लाखांचा जॅम विकणाऱ्या व्यापाऱ्याने ४० लाखांची रेषा ओलांडली आहे. मोजणी पॅनवर होते, दुकानावर नाही.

माझी उलाढाल सहा-सात लाखच आहे. गोव्यातल्या दुकानाला कोकम आणि जॅम द्यायचा आहे. चालेल?

नोंदणी केल्यावर चालेल. बांद्यापासून पत्रादेवी हाकेच्या अंतरावर असलं तरी ती राज्याची हद्द आहे. करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा असेल तर पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते, तिथे ४० लाखांची सवलत नाही. बेंगळुरूला कुरिअरने पाठवलेल्या काजूगरालाही हेच लागू. ताज्या आंब्याच्या पेट्या मात्र कुठेही पाठवा, तो माल करमुक्त आहे. गोव्याचा पाहुणा सावंतवाडीतल्या दुकानात येऊन काउंटरवरून घेऊन गेला, तर ती महाराष्ट्रातलीच विक्री.

ऑनलाइन मंचावरून राज्यातल्या राज्यात माल विकायला मात्र १ ऑक्टोबर २०२३ पासून मर्यादेच्या आतल्या विक्रेत्यांना नोंदणीची सक्ती राहिलेली नाही. मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांना विकणाऱ्या महिला गटांसाठी हे फार सोयीचं झालं आहे.

शेतकऱ्याकडून काजू बी घेतो. त्यावर जीएसटी मी का भरायचा?

कारण न फोडलेली काजू बी नोंदणीकृत खरेदीदाराने थेट शेतकऱ्याकडून घेतली, तर कर खरेदीदाराने भरायचा असा नियम आहे. दर ५ टक्के. शेतकऱ्याच्या नावाने बिल तुम्हीच बनवायचं, कर रोख खात्यातून भरायचा आणि मग त्याचं क्रेडिट घेऊन काजूगराच्या विक्रीवरच्या करातून वजा करायचं.

शेवटी खिशातून काही जात नाही, पण पैसे अडकतात आणि तेही नेमके बी-खरेदीच्या दिवसांत. मार्च ते मे या काळात वर्षभराची बी भरावी लागते. चाळीस लाखांची बी घेणाऱ्याला दोन लाख रुपये करासाठी वेगळे लागतात. कॅश क्रेडिटची (खेळत्या भांडवलाच्या कर्जाची) मर्यादा मागताना हे बँकेच्या अर्जात लिहा. बहुतेक कारखानदार बीची किंमत धरतात आणि हा कर विसरतात. कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांसाठीची ठरावीक दराची सोपी जीएसटी योजना) असाल तर हा कर भरावा लागतोच, पण क्रेडिट मिळत नाही. म्हणून काजू प्रक्रिया करणाऱ्याला मी कंपोझिशन सुचवत नाही.

मग कंपोझिशन कुणी घ्यावी?

दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेला, राज्यातच विकणारा, थेट गिऱ्हाइकाला माल देणारा किराणा, हार्डवेअर, बेकरी यांसारखा धंदा. दर १ टक्का, तिमाहीला एक भरणा, वर्षाला एक विवरण. गिऱ्हाइकाकडून कर घेता येत नाही, खरेदीवरचं क्रेडिट नाही.

खानावळवाल्यांनी नीट विचार करावा. कंपोझिशनमध्ये ५ टक्के स्वतःच्या गल्ल्यातून जातात. साध्या पद्धतीतही दर ५ टक्केच आहे, पण तो बिलात लावून गिऱ्हाइकाकडून घेता येतो. जॅम-सरबत बनवणाऱ्यांसाठीही गणित बदललं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जॅमवरचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तर काचेच्या बाटलीवर १८ टक्के आहेतच. त्या बाटल्यांचं क्रेडिट सोडून देण्यात फायदा आहे का, हे मांडून बघा.

तारकर्लीला चार खोल्यांचा होमस्टे आहे. काय काय लागतं?

पर्यटन संचालनालयाची नोंदणी, ग्रामपंचायतीची कागदपत्रं आणि जेवण देत असाल तर एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी. वर्षाला २० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी नको. नोंदणी असेल तर दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के, क्रेडिटशिवाय.

बुकिंग ॲपवरून पाहुणे येत असतील आणि तुमची नोंदणी नसेल, तर त्या बुकिंगवरचा जीएसटी ॲपने भरायचा असतो. तो तुमच्या दरातून कापला जात नाही ना, ते हिशेबपत्रकात तपासा. आणि उलाढाल म्हणजे पाहुण्याने दिलेली पूर्ण रक्कम. तीन हजारांची खोली, ॲपने कमिशन कापून अडीच हजार दिले, तरी विक्री तीन हजारांचीच. ॲप ०.१ टक्का टीडीएस कापत असेल तर आयकर खात्याला पूर्ण आकडा आधीच दिसतो.

बागेतल्या घरात पाहुणे ठेवले म्हणून ते उत्पन्न शेतीचं होत नाही.

यूपीआयने पैसे घेतले की कराची नोटीस येते, म्हणून रोखच बरं का?

उलट आहे. २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या विक्रेत्यांना नोटिसा गेल्या आणि ती भीती इथवर आली. नोटीस येते ती मर्यादा ओलांडूनही नोंदणी न केल्यामुळे. ती रोखीतही ओलांडलेलीच असते.

यूपीआयचा सरळ फायदा अंदाजे नफ्याच्या योजनेत आहे. दोन कोटींपर्यंत उलाढाल असेल तर पूर्ण हिशेबवह्या न ठेवता ठरावीक टक्के नफा दाखवता येतो. रोख विक्रीवर ८ टक्के, बँकेतून आलेल्या विक्रीवर ६. रोखीचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आत असेल तर ही मर्यादा तीन कोटी. होमस्टेची विक्री १८ लाख, त्यातले १५ लाख यूपीआयने आणि ३ लाख रोख, तर नफा ९०,००० अधिक २४,००० असा १,१४,००० दाखवता येतो. हा किमान आकडा आहे. खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा. कमी दाखवून वाचलेला कर पुढे कर्जाच्या वेळी आडवा येतो, कारण सव्वा लाखाच्या नफ्यावर दहा लाखांचं कर्ज कुठली बँक देईल?

या योजनेत आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकदाच भरायचा असतो. कमिशन आणि दलालीच्या धंद्याला ही योजना नाही.

रोखीने किती रक्कम देता-घेता येते?

एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिलेला धंद्याचा खर्च धरला जात नाही. माल वाहणाऱ्या ट्रकवाल्यासाठी ही मर्यादा ३५,०००. शेतमाल आणि मासळी थेट उत्पादकाकडून घेतली तर यातून सूट आहे, मधल्या व्यापाऱ्याकडून घेतली तर नाही. दोन लाख किंवा जास्त रोख एका व्यवहारात घेऊच नका, दंड तेवढ्याच रकमेचा होऊ शकतो.

मुंबईचा व्यापारी चार-चार महिने पैसे देत नाही. काही उपाय?

उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंद) करा. ती सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत आहे, त्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका. उत्पादक किंवा सेवा देणारे सूक्ष्म-लघु उद्योग असाल तर लेखी करार नसताना १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, आणि तक्रारीसाठी केंद्र सरकारचं ऑनलाइन पोर्टल.

तक्रारीपर्यंत क्वचितच जावं लागतं. मुदतीत पैसे न दिल्यास खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी आयकरात वजा मिळत नाही, ही तरतूद १ एप्रिल २०२४ पासून अमलात आहे. बिलावर उद्यम क्रमांक छापा आणि मार्चच्या सुरुवातीला एक सभ्य पत्र पाठवा. मोठ्या खरेदीदाराचा हिशेबनीस तेवढ्याने हलतो. निव्वळ व्यापाऱ्यांना मात्र हे संरक्षण नाही.

कर्ज कुठलं घ्यावं?

आधी कशासाठी ते ठरवा. यंत्र, खोली, होडी यांसाठी मुदत कर्ज आणि बी-आंबा भरण्यासाठी कॅश क्रेडिट. खेळत्या भांडवलातून यंत्र घेतलेले धंदे पुढच्या हंगामात अडकतात.

मुद्रा योजनेत ५०,००० पर्यंत शिशु, ५ लाखांपर्यंत किशोर, १० लाखांपर्यंत तरुण. तरुण गटाचं कर्ज नीट फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत. तारण लागत नाही. नवा उद्योग असेल तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के, महिला व इतर विशेष गटांना ३५ टक्के अनुदान. प्रकल्पाची मर्यादा उत्पादनाला ५० लाख, सेवेला २० लाख. चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करा. २०२० साली सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख. पर्यटन व्यवसायातल्या महिलांसाठी राज्याच्या 'आई' धोरणात १५ लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजाचा परतावा आहे.

अनुदान आहे म्हणून धंदा काढू नका. ते हातात मिळत नाही, बँकेत ठेव म्हणून राहतं आणि नंतर कर्जात वळतं. तोवर हप्ते तुमचेच.

दलालाची उचल हेही कर्जच आहे. बिनव्याजी वाटतं, पण माल त्यालाच द्यावा लागतो आणि दर तोच ठरवतो. उचल न घेणाऱ्या शेजाऱ्याच्या पट्ट्यांशी आपल्या पट्ट्या ताडून बघा, पेटीमागे पडलेला फरक म्हणजे तुमचं व्याज.

पावसाळ्यात हप्ते कसे भरायचे?

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, पर्यटक तुरळक, बाग रिकामी. शिवाय घराची शाकारणी, इंजिनाचं काम, मुलांच्या फी आणि पुढे गणपती, सगळं याच दिवसांत. कर्ज मंजूर होतानाच हप्ते हंगामाप्रमाणे बांधून मागा. सरसकट मासिक हप्ता लावून दिला की पहिल्याच जुलैत तो थकतो आणि सिबिल खराब होतो. बँकेला मागच्या दोन वर्षांची महिनावार जमा दाखवा. मंजुरीआधी हे बोलणं सोपं असतं, नंतर फार अवघड. आणि मेअखेर चार महिन्यांचे हप्ते व पगार एवढी रक्कम वेगळ्या खात्यात गेलीच पाहिजे.

आणखी एक खोली बांधू का?

आकडे मांडा. खोलीला ६ लाख, व्याज १० टक्के, मुदत सात वर्षं असं समजू. पहिल्या वर्षी व्याज सुमारे ६०,००० आणि मुद्दल सुमारे ८६,०००. एका रात्रीमागे चादरी, पाणी, वीज, न्याहारी, कमिशन जाऊन १,२०० उरत असतील, तर फक्त कर्ज भागवायला १२०-१२२ रात्री ती खोली भरायला हवी. दिवाळी, नाताळ, मे आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांत सध्या किती पाहुण्यांना 'जागा नाही' म्हणून परत पाठवता, ते एक वर्ष वहीत लिहा. तो आकडा शंभराच्या खाली असेल तर खोली बांधू नका. त्याऐवजी आहेत त्या खोल्या मधल्या वारी भरतील असं काही बघा.

'हापूस' नाव लावायला काही परवाना लागतो का?

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे त्याचे जिल्हे. मानांकन वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्यावी लागते. वेंगुर्ल्याचा काजू, सिंधुदुर्ग-रत्नागिरीचं कोकम, अलिबागचा पांढरा कांदा यांनाही मानांकन आहे. ही नोंद करा. बाहेरचा आंबा आपल्या नावाने विकला जातो अशी तक्रार सगळेच करतात, पण गिऱ्हाइकाला फरक दाखवणारा कागद मोजक्यांकडेच असतो.

व्यवसाय कर वेगळा असतो का?

हो. जीएसटी नोंदणी असलेल्या धंदेवाल्याला वर्षाला २,५०० रुपये, मुदत ३० जून. कामगारांच्या पगारातून कापायचा व्यवसाय कर वेगळा.

विम्याचा खर्च परवडत नाही. खरंच गरज आहे का?

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, मे २०२१ मध्ये तौक्ते, आणि त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. गरज आहे.

१ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी आहे. एका ठिकाणची मालमत्ता पाच कोटींपर्यंत असेल तर ती घेता येते. वादळ आणि पूर त्यात धरलेले असतात. फक्त इमारतीचा विमा काढू नका, यंत्र आणि मालाचाही काढा. एप्रिल-मेमध्ये बी आणि पल्पचा साठा सर्वांत जास्त असतो, विम्याची रक्कम त्या साठ्यावर धरा. साठ्याची वही दर आठवड्याला मोबाइलवर फोटो काढून घरच्या दुसऱ्या कुणाला तरी पाठवून ठेवा, कारण पुरात वह्याही जातात. नुकसान झालं तर आवराआवर करण्याआधी व्हिडिओ काढा, कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत मागून घ्या.